मनाचा खेळ आणि यंत्राचा कौल

भाचीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तांत्रिक संमेलन होतं. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत लांब टेबल, टेबलावर आडवी पारदर्शक नळी, नळीत पिंगपाँगचा चेंडू आणि दोन्ही टोकांना एकेक प्लॅस्टिकची खुर्ची. खेळणाऱ्याने कपाळाला पट्टा बांधायचा, कानाच्या पाळीला चिमटा लावायचा, हात मांडीवर ठेवायचे आणि ‘मनाने’ चेंडू समोरच्याकडे ढकलायचा. भिंतीवरच्या पडद्यावर दोघांच्या ‘एकाग्रते’चे आकडे वरखाली होत होते. “मामा, तू बस ना,” म्हणत भाचीने मला खुर्चीत ढकललं. समोर दुसऱ्या वर्षातला एक मुलगा होता. अर्ध्या मिनिटात चेंडू माझ्या टोकाला येऊन थडकला. उठता उठता मी त्याला विचारलं, एवढं लक्ष कशावर लावलं होतंस रे? तो ओशाळून हसला आणि म्हणाला, “काका, दात घट्ट आवळायचे. आकडा आपोआप वर जातो.”

संध्याकाळी बक्षीस समारंभात वाद पेटला. या स्पर्धेचे गुण वार्षिक क्रीडा करंडकात धरायचे की नाही? क्रीडाशिक्षक म्हणाले, ज्यात घाम नाही तो खेळ कसला, उद्या झोपण्याच्या स्पर्धेलाही ढाल द्या. संगणक विभागाचे प्राध्यापक म्हणाले, उलट हाच खरा खेळ, इथे शरीराचा अडथळाच नाही. उंच-बुटका, मुलगा-मुलगी, धट्टाकट्टा आणि अपंग, सगळे एका रेषेवर. हाच वाद नंतर आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार दिवस चालला आणि तिथेही दोनच बाजू पडल्या. दात आवळणाऱ्या त्या मुलाची मात्र कुणालाच आठवण झाली नाही. वादाचा सगळा गाभा त्याच्या जबड्यात होता.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. मनाने खेळायचा खेळ हा खेळच आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण ‘हा खेळ आहे का’ हा प्रश्न फार सोपा आहे आणि तो सोडवल्याच्या आनंदात आपण अवघड प्रश्नाला बगल देतो. या खेळात खेळाडू आणि चेंडू यांच्यामध्ये तिसरा कुणीतरी बसलेला असतो. डोक्यावरून येणारी विजेची कुजबुज ऐकून ‘याला आता डावीकडे जायचंय’ असा अर्थ लावणारी संगणकप्रणाली. तंत्रज्ञ तिला डिकोडर म्हणतात, मी दुभाष्या म्हणेन. खेळाडूची बॅटही तोच आणि पंचही तोच. हा दुभाष्या तपासता येत नसेल, तर त्या सामन्याच्या निकालाला काडीची किंमत नाही. आणि आज भरणाऱ्या बहुतेक हौशी स्पर्धांत तो तपासता येत नाही.

आधी हे यंत्र काय ऐकतं ते पाहू, कारण दोन्ही बाजूंचे लोक ते ‘विचार वाचतं’ असं धरून चालतात. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या मेंदूतले विद्युत्‌तरंग कवटीवरून टिपले. पाच वर्षं तो स्वतःच साशंक होता. निबंध छापला १९२९ मध्ये. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात झाक विदाल यांनी या तरंगांवरून संगणक चालवता येईल का, असा प्रश्न मांडला आणि मेंदू-संगणक जोडणीचं शास्त्र सुरू झालं. पण कवटीवर मिळणारा संदेश अत्यंत क्षीण असतो, साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे याच्या किमान पंधरा हजार पट. दवाखान्यात मेंदूच्या लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, काढायला गेलं की तंत्रज्ञ आधी बजावतात, केस धुऊन या, तेल लावू नका. डोक्यावरच्या तेलाच्या थराने बिघडणारा संदेश आहे हा. त्याच्या शेजारी जबड्याचे आणि भुवयांचे स्नायू त्याहून कितीतरी मोठ्या आवाजात बोलत असतात. भजन चाललेल्या मंडपात कुणीतरी कानात सांगितलेलं गुपित ऐकायचं, असं हे काम आहे. त्या मुलाने दात आवळले आणि बिचाऱ्या पट्ट्याने त्यालाच एकाग्रता समजून गुण दिले.

आता घामवाल्यांकडे वळू. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. खेळात शरीर पणाला लागतं, म्हणूनच तो पाहणाऱ्यालाही भिडतो. मल्लखांबावर मुलगी उलटी लटकते तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो, कारण पडली तर काय होईल हे आपल्या हाडांना ठाऊक असतं. दोन माणसं खुर्चीत डोळे मिटून बसलेली पाहायला कोण जाणार? हा आक्षेप खरा आहे. हा खेळ बघायला कंटाळवाणा आहे आणि बहुधा तसाच राहील. पण कंटाळवाणा म्हणजे खेळ नाही, असं म्हटलं तर नेमबाजीचं काय करायचं? २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आपण सगळे पडद्याला डोळे लावून बसलो होतो ना? त्या पडद्यावर दिसत काय होतं? जवळजवळ काहीच न हलवणारा एक माणूस. नेमबाजीत शरीर वापरण्यापेक्षा ते आवरण्याची कसोटी लागते. म्हणूनच हृदयाची धडधड आणि हाताचा कंप कमी करणारी बीटा-ब्लॉकर औषधं नेमबाज आणि तिरंदाजांना वर्ज्य आहेत. धावणाऱ्याने छाती फुटेस्तोवर पळायचं आणि नेमबाजाने छाती गप्प ठेवायची, या दोघांनाही आपण खेळाडू म्हणतो. मग मेंदूच्या एका कोपऱ्यातली लहर हुकमाने दाबायला शिकलेल्या माणसालाच वेगळा न्याय का?

आणि ती शिकावीच लागते. हे मी झुरिकच्या उदाहरणावरून म्हणतो. तिथल्या तंत्रविद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट रीनर यांच्या कल्पनेतून ऑक्टोबर २०१६ मध्ये क्लोटनच्या बंदिस्त क्रीडागारात ‘सायबॅथलॉन’ भरलं. कृत्रिम हात, कृत्रिम पाय, यांत्रिक खुर्च्या यांच्या शर्यतींबरोबर तिथे मेंदूची शर्यतही होती. खेळाडू मानेखाली लुळे पडलेले. डोक्यावर मेंदूतले संदेश टिपणाऱ्या इलेक्ट्रोडची टोपी. पडद्यावर चार आकृत्या धावतायत आणि वाट रंगीत पट्ट्यांची. एका रंगावर उडी, दुसऱ्यावर गिरकी, तिसऱ्यावर वाकून सरपटणं. योग्य पट्टीवर योग्य हुकूम गेला की आकृतीचा वेग वाढतो, चुकला की मंदावतो. हुकूम द्यायचा कसा? दोन्ही हात हलवल्याची कल्पना करायची, किंवा दोन्ही पाय. हालचालीची नुसती कल्पना केली तरी मेंदूच्या त्या भागावरची ८ ते १३ हर्ट्झची लय क्षीण होते. यंत्र ते क्षीण होणं पकडतं. त्या वर्षी लोझानच्या तंत्रविद्यापीठाचा संघ जिंकला. संघाने नंतर प्रसिद्ध केलेल्या निबंधातला मुद्दा फार बोलका आहे. त्यांनी यश केवळ संगणकाच्या नावावर टाकलं नाही. महिनोन्‌महिने सराव करताना यंत्र खेळाडूला ओळखायला शिकलं, तसे खेळाडूच्या मेंदूतले संदेशही अधिक ठाशीव होत गेले. तालमीत वस्ताद आणि पठ्ठ्या एकमेकांना घडवतात, तसंच. क्रीडाशिक्षकांना मला एवढंच विचारायचंय, याला सराव म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

समानतावाल्यांना उत्तर देणं जास्त अवघड आहे, कारण त्यांच्या बोलण्यात चांगुलपणा आहे. मानेखाली हालचाल नसलेल्या माणसाला चुरशीची, हरण्याजिंकण्याची संधी देणारा दुसरा खेळ दाखवा, असं त्यांनी म्हटलं तर माझ्याकडे फारसं उत्तर नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले आणि त्यानंतर कित्येक दशकं आपल्याकडे त्यांचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. अपंगांच्या खेळाकडे आपण कसं पाहतो ते यावरून दिसतं. तेव्हा या लोकांसाठी कुणी नवं मैदान आखत असेल तर त्याला आधी हात जोडावेत.

पण ‘इथे सगळे समान’ हे वाक्य मात्र सपशेल चूक आहे. मेंदूच्या यंत्रांवर काम करणाऱ्यांना वर्षानुवर्षं एक गोष्ट माहीत आहे. साधारण १५ ते ३० टक्के लोकांना नेहमीचा सराव करूनही या यंत्रांवर पुरेसा ताबा मिळत नाही. त्यांची बुद्धी कमी नसते, इच्छाही कमी नसते. त्यांच्या मेंदूच्या घड्या, कवटीची जाडी, लहरींची ठेवण अशी असते की संदेश बाहेर नीट येत नाही. दाट, कुरळ्या केसांत इलेक्ट्रोड त्वचेला टेकत नाहीत, ही अडचण तर इतकी साधी आहे की प्रयोगशाळांच्या ती फार उशिरा लक्षात आली. म्हणजे उंचीचा अडथळा गेला आणि कवटीचा आला. बास्केटबॉलमध्ये सहा फुटी माणसाचा फायदा निदान प्रेक्षकाला दिसतो. इथला फायदा खुद्द खेळाडूलाही दिसत नाही. आणि जो फायदा दिसत नाही त्यावर लबाडी किती सहज फोफावते, हे २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकने दाखवलं. बौद्धिक अपंगांच्या बास्केटबॉलमध्ये स्पेनने सुवर्ण जिंकलं आणि मग उघड झालं की बारापैकी दहा खेळाडू अपंग नव्हतेच. त्या लबाडीची शिक्षा खऱ्या बौद्धिक अपंगांनी भोगली. २०१२ च्या लंडनपर्यंत त्यांना पॅरालिम्पिकचं दार बंद राहिलं. आतलं काही मोजायचं असेल तर मोजणारा चोख लागतो. सद्भावनेवर भागत नाही.

इथे मला आपली कबड्डी आठवते. लहानपणी आम्ही हुतूतू म्हणायचो आणि दम घालायचा म्हणजे घालायचा. चढाई करणाऱ्याच्या छातीत श्वास उरलाय की नाही, ही पूर्णपणे आतली गोष्ट. ती बाहेरच्याला कळणार कशी? ज्या कुणी हा नियम काढला त्याला माझा दंडवत. त्याने सांगितलं, बोलत राहा. एका श्वासात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आतली गोष्ट बाहेर आणली आणि मैदानाभोवती बसलेल्या शेंबड्या पोरालाही पंच केलं. दम तुटला की दहा पोरं एका सुरात ओरडायची. आता चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली, पंचाच्या हाती घड्याळ आलं, तरी ‘कबड्डी, कबड्डी’ तोंडातून जात नाही. कोकणात, गोव्यात देवळात कौल लावतात तेव्हाही देवाच्या अंगावरची पाकळी उजवीकडे पडली की डावीकडे, हे मंडपातला प्रत्येक जण बघतो. अर्थ गुरव सांगतो, पण पाकळी सगळ्यांच्या समोर पडते. मेंदूच्या खेळात पाकळीही गुरवाच्या खोलीत पडते आणि अर्थही तो खोलीतूनच ओरडून सांगतो. आपण बाहेर टाळ्या वाजवायच्या.

यावर कुणी म्हणेल, यंत्रावर विश्वास ठेवायला आपण क्रिकेटमध्ये शिकलोच की. शिकलो, पण कसे? ३० मार्च २०११, मोहाली, विश्वचषकाची उपांत्य फेरी. सईद अजमलच्या चेंडूवर पंच इयन गूल्डने सचिनला पायचीत दिलं. सचिनने दाद मागितली, चेंडूचा मार्ग दाखवणाऱ्या चित्रात चेंडू लेग स्टंपच्या बाहेरून गेला, तो वाचला आणि पुढे ८५ धावा करून गेला. त्या चित्रावर आजही पाकिस्तानात नि इथेही चहाच्या टपरीवर भांडणं होतात. गंमत म्हणजे ज्या यंत्राने आपला देव वाचवला त्याच यंत्रावर आपल्या क्रिकेट मंडळाचा विश्वास नव्हता. दोन देशांमधल्या मालिकांत ते २०१६ पर्यंत त्याला नकार देत राहिले. त्या हट्टाला तेव्हा सगळ्या जगाने नावं ठेवली. मला मात्र त्यातला एक भाग रास्त वाटतो. चेंडूचा पुढचा प्रवास यंत्र दाखवत नाही, त्याचा अंदाज करतं. मग त्या अंदाजात चूक किती, हे आधी सांगा, ही मागणी गैर नव्हती. ‘अंपायर्स कॉल’ ही तडजोड त्याच शंकेची कबुली आहे. आणि तिथे निदान चेंडू खरा असतो, सहा कॅमेऱ्यांनी पाहिलेला. इथे ज्याचा अंदाज करायचा ती गोष्ट, म्हणजे खेळाडूची इच्छा, कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही. दुभाष्या चुकला तर त्याला खोटं पाडायला साक्षीदार कोण? खेळाडू म्हणेल, मला उजवीकडे जायचं होतं. यंत्र म्हणेल, नाही, तुला डावीकडे जायचं होतं.

हे काल्पनिक नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत न्यूरालिंक कंपनीने नोलंड आर्बॉ या तरुणाच्या मेंदूत चिप बसवली. पोहताना झालेल्या अपघातात तो खांद्याखाली लुळा झाला होता. मार्चमध्ये जगाने त्याला नुसत्या मनाने पडद्यावर बुद्धिबळ खेळताना पाहिलं आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण पुढची गोष्ट कमी लोकांनी वाचली. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत त्याच्या मेंदूतल्या केसाहून बारीक तारांपैकी बऱ्याच जागेवरून सरकल्या, संदेश घटला, कर्सरवरचा ताबा ढासळला. कंपनीने संदेशाचा अर्थ लावण्याची पद्धत बदलली आणि ताबा परत आला, आधीपेक्षा चांगला. एका आजारी माणसाच्या आयुष्यात ही निव्वळ चांगली बातमी आहे. आता हीच गोष्ट स्पर्धेत ठेवून पाहा. उपांत्य फेरीत एक खेळाडू हरता हरता वाचलाय. रात्री त्याच्या कंपनीने दुभाष्या बदलला. सकाळी अंतिम फेरीत तोच माणूस, तोच मेंदू, आधीहून कमी संदेश आणि दुप्पट खेळ. जिंकलं कोण?

त्याच्याही पुढे गोष्ट गेली आहे. २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूच्या टोपीला कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘सहवैमानिक’ जोडला. तो खेळाडूच्या संदेशाबरोबर समोरचा पडदाही पाहतो, याला बहुधा कुठे जायचंय याचा तर्क करतो आणि कर्सरला त्या बाजूला थोडा हात देतो. कामं झपाट्याने होऊ लागली. रोजच्या जगण्यात असा हात कुणाला नको? पाण्याचा पेला तोंडाशी आणायचा असेल तर मी शंभर सहवैमानिक घेईन. पण मैदानात पलीकडचा गोल यंत्राला दिसतोय आणि चेंडू ते स्वतःच तिकडे वळवतंय, तर मग खुर्चीतला माणूस कशासाठी आहे?

इथे माझ्या बाजूवर सगळ्यात जबरदस्त हल्ला होतो आणि तो मी टाळत नाही. जाणकार म्हणतात, तू सगळ्यांना सारखा दुभाष्या मागतोस, पण प्रत्येक मेंदू वेगळा. एका खेळाडूला हात हलवल्याची कल्पना जमते, दुसऱ्याला मनातल्या मनात पाढे म्हणणं. दुभाष्या माणसागणिक शिवूनच घ्यावा लागतो. सगळ्यांना एकच दिला तर निम्मे खेळाडू मुके होतील. शिवाय हा दुभाष्या घडवायला कंपन्यांनी पैसा ओतलाय. तो चव्हाट्यावर मांडा म्हटलं तर त्या उठून जातील. दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. म्हणून मी एकच दुभाष्या मागत नाही. कुस्तीगिराचा लंगोटही त्याच्या मापाचा असतो. माझी मागणी एवढीच, की सामन्याआधी तो मोहोरबंद व्हावा, फेऱ्यांच्या मधे त्याला कुणी हात लावू नये, सामन्यातली प्रत्येक नोंद, म्हणजे डोक्यातून काय आलं आणि यंत्राने त्याचा काय अर्थ लावला, दोन्ही खेळाडूंच्या हाती पडावी आणि तटस्थ तपासनीसाला आत डोकावता यावं. १९९७ मध्ये डीप ब्लू या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाकडून हरल्यावर जगज्जेत्या कास्पारोव्हने हेच मागितलं होतं, यंत्राच्या नोंदी दाखवा. तेव्हा त्या मिळाल्या नाहीत, सामना पुन्हा झाला नाही आणि यंत्रही मोडीत निघालं. नोंदी पुढे प्रसिद्ध झाल्या, तोवर संशय बखरीत जाऊन बसला होता.

‘कंपन्या उठून जातील’ याला मोटारशर्यतींचा इतिहास हे उत्तर आहे. फॉर्म्युला वनमध्ये चाक घसरू न देणारी संगणकी मदत, ट्रॅक्शन कंट्रोल, आधी बंद होती. पण ती इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लपवणं इतकं सोपं होतं, की पकडता येत नाही म्हणून २००१ मध्ये संयोजकांनी हात टेकले आणि परवानगीच देऊन टाकली. चालकाच्या उजव्या पायाचं कसब संगणक करू लागला. मग २००८ मध्ये सगळ्या गाड्यांना एकच, एकाच ठिकाणी बनलेला नियंत्रक संगणक सक्तीचा केला आणि बंदी खरोखर अमलात आली. मोठमोठ्या कंपन्या होत्या, कोट्यवधींचा धंदा होता. या नियमामुळे त्या काही शर्यत सोडून गावी गेल्या नाहीत. पोहण्यातही तसंच. २००९ च्या रोम विश्वस्पर्धेत पॉलियुरेथेनच्या पोशाखांनी ४३ विश्वविक्रम पाण्यातून वर काढले आणि २०१० पासून ते पोशाख बाद झाले. विक्रम पुस्तकात राहिले, पण पोहणारे लोकच त्यांच्याकडे आता भुवई उंचावून पाहतात.

खरं तर तपासणीची सगळ्यात सुरेख युक्ती क्लोटनच्या शर्यतीतच होती. वाटेवर तीन रंगांशिवाय करड्या पट्ट्याही होत्या. करड्या पट्टीवर खेळाडूने काहीच करायचं नाही, काही हुकूम सुटला तर वेग कमी. ऐकायला सोपं, पण डोक्यात हुकूम भरून बसलेल्या माणसाला हुकूम न देणं किती कठीण, ते ध्यानाला बसून पाहिलेल्या कुणालाही विचारा. मला त्यात दुसराच उपयोग दिसतो. माणूस जेव्हा काहीच म्हणत नाही, तेव्हा दुभाष्या गप्प बसतो का, याची ती परीक्षा आहे. जो दुभाष्या मालक गप्प असतानाही बोलतो, तो मालकाच्या वतीने बोलत नाही. आमच्या कॉलेजातल्या टेबलावर अशी करडी पट्टी असती तर? मी नंतर मुद्दाम पुन्हा पट्टा बांधला, डोळे मिटले आणि जमेल तितकं रिकामं बसलो. एकाग्रता साठच्या वर. मग हळूच भुवया उचलल्या, नव्वद.

खेळाच्या पलीकडचा एक धागा आहे, तो थोडक्यात. डोक्यावर टोपी घालून मन वाचल्याचा दावा आपल्याला नवा नाही. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खून खटल्याच्या निकालात मेंदूच्या विद्युत्‌चाचणीचा आधार घेतला गेला, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली होती. आरोपी तरुणीने तोंडातून शब्द काढायचा नाही, यंत्र म्हणणार हिला ‘अनुभवातून आलेली माहिती’ आहे. यंत्र हे कशावरून म्हणतं, हे बाहेरच्या शास्त्रज्ञांना तपासायला मिळालं नव्हतं. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं, अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत. मन हा माणसाचा खासगी प्रांत आहे. आरोपीच्या मेंदूला जे संरक्षण मिळालं ते खेळाडूच्या मेंदूला कोण देणार? तो तर हसत हसत पट्टा बांधतो आणि ‘मान्य आहे’वर बोट ठेवतो. चिलीने २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सिनेटरच्या मेंदूच्या नोंदी पुसून टाकायचा आदेश हेडसेट विकणाऱ्या कंपनीला दिला. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदे केले. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ‘संवेदनशील माहिती’ असा वेगळा वर्गच नाही. किराणा कुठल्या पत्त्यावर पाठवायचा आणि माझ्या मेंदूची लहर कशी उठते, दोन्ही एकाच पोत्यात.

संमेलन संपल्यावर खेळाचं सामान आणणारा माणूस पट्टे स्पिरिटच्या बोळ्याने पुसून खोक्यात भरत होता. दिवसभरात दोनेकशे पोरं बसली, असं तो अभिमानाने म्हणाला. मी विचारलं, यांचे आकडे कुठे जातात हो? म्हणाला, अॅपमध्ये. अॅप कुणाचं? तो क्षणभर थांबला, मग खोकं उलटं करून त्याच्या तळाशी काही लिहिलंय का ते पाहू लागला.